पुस्तकाची मळकी कड

वाचनालयातलं आठ-दहा वर्षं फिरलेलं एखादं जाडजूड पुस्तक मिटलेलंच हातात घ्या आणि पानांच्या बाजूनं बघा. सुरुवातीचा एक-तृतीयांश हिस्सा मळलेला दिसेल. बोटांचा घाम, चहाचा एखादा ओघळ, दुमडलेले कोपरे. मग एक पुसट रेघ लागते आणि तिच्यापुढची पानं पांढरी, छापखान्यातून आली तशी. शेवटची पाच-सात पानं पुन्हा जरा मळकी, कारण शेवटी झालं काय एवढं बघून घ्यायचा मोह कुणालाच आवरत नाही. कोण कितव्या पानावर थांबलं याची नोंद कुठल्याही रजिस्टरात नसते. पुस्तकाच्या कडेवर ती असते.

ही कड सेलूत, परभणीत, पुण्यात सगळीकडे सारखीच. तरी देवघेवीच्या टेबलावर पुस्तक परत देताना आपण म्हणतो, "छान होतं." ग्रंथपाल मान हलवतात. त्यांनाही ठाऊक असतं.

बाहेरच्या जगातही काही वेगळं नाही. जॉर्डन एलेनबर्ग नावाच्या अमेरिकी गणितज्ञानं २०१४ साली गंमत म्हणून एक हिशेब मांडला. किंडलवर वाचणाऱ्यांनी एखाद्या पुस्तकात सर्वांत जास्त अधोरेखित केलेली पाच वाक्यं घ्यायची आणि ती पुस्तकात सरासरी किती आत आहेत ते बघायचं. लोक पुढपर्यंत जात असतील तर खुणा सगळीकडे विखुरतील, नाहीतर सुरुवातीलाच गर्दी होईल. स्टीफन हॉकिंग यांच्या काळाच्या इतिहासावरच्या जगप्रसिद्ध पुस्तकाचा आकडा आला ६.६ टक्के. थॉमस पिकेटी यांच्या अर्थशास्त्रावरच्या ग्रंथाचा २.४. हे शास्त्र नाही असं त्यानंच सांगून टाकलं होतं, पण दिवाणखान्यातल्या कपाटांकडे बघून पटतं.

मी स्वतः गेल्या वीस वर्षांत पन्नासेक पुस्तकं मधेच सोडली असतील. त्याआधीच्या वीस वर्षांत फक्त एक. गंमत अशी की त्या आधीच्या वीस वर्षांत माझी वाचून झालेली पुस्तकं कितीतरी कमी आहेत. असं का झालं, आणि तुम्हाला त्याचा काय उपयोग, ते सांगतो.

पोथीचा नियम पुस्तकाला

सेलू हे केशवराज बाबासाहेब महाराजांचं गाव. इथल्या माणसाला पारायण म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. सप्ताह बसला की ज्ञानेश्वरीचे अठरा अध्याय सात दिवसांत पुरे व्हायचे म्हणजे व्हायचेच. गुरुचरित्राचं आणखी कडक. रोज कुठून कुठपर्यंत वाचायचं ते ठरलेलं, जागा ठरलेली, वेळ ठरलेली. अध्याय चालू असताना उठायचं नाही, बोलायचं नाही. फारच अडचण आली तर घरातल्या दुसऱ्या कुणी बसून पुरं करायचं, पण पोथी अर्धी ठेवायची नाही. माझी आजी अध्याय संपल्याशिवाय चष्मा काढत नसे. दारात कुणी आलं तर हातानंच "बसा" म्हणायची.

पोथीपुरतं हे बरोबरच आहे. पोथी आपण पुढं काय होतं ते कळावं म्हणून वाचत नाही. पुढं काय होतं ते पाठच असतं. वाचणं हीच सेवा, आणि फळ सांगितलेलं असतं ते शेवटी. घोळ असा झाला की शाळेतून, वाचनालयातून छापील पुस्तक हाती आलं तेव्हा त्यालाही आपण तेच सोवळं लावलं. पाय लागला तर नमस्कार करायचा, उशाखाली घ्यायचं नाही, आणि अर्धं सोडायचं नाही. पहिल्या दोन गोष्टी राहू द्या, त्यांनी कुणाचं काही बिघडत नाही. तिसरी मात्र कादंबरीला लागू नाही, कारण कादंबरीला फलश्रुती नसते. दोनशे पानं जांभया देत वाचली म्हणून एकविसाव्या प्रकरणात पुण्य जमा झालेलं सापडत नाही.

दुसरं कारण टंचाईचं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाड्याचा हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कारभार उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत. मराठी वाचनालय काढणं आणि ते चालतं ठेवणं हे त्या दिवसांत चळवळीतलंच काम होतं. हाताला लागलेलं मराठी पुस्तक दहा घरं फिरायचं, पानं सुटली तर खळ लावून चिकटवायचे आणि पुन्हा फिरवायचे. पुढचं पुस्तक कधी मिळेल याचा भरवसा नसलेल्या त्या माणसांनी हातातलं अर्धं टाकलं नाही, यात नवल काही नाही. त्यांनी ती शिस्त मुलांना दिली, मुलांनी आपल्याला. टंचाई गेली, शिस्त राहिली.

तिसरं, ताटात टाकू नये हा संस्कार. तो मला पूर्ण मान्य आहे, अन्नाच्या बाबतीत. पण ताटात टाकलेली भाकरी वाया जाते. पुस्तक उष्टं होत नाही. तुम्ही सत्तर पानांवर ठेवलेलं पुस्तक पुढच्या माणसाला पहिल्या पानापासून जसंच्या तसं मिळतं.

आणि पैसे. प्रदर्शनातून चारशे रुपये मोजून आणलंय, आता वाचलंच पाहिजे. अमेरिकेत हाल आर्केस आणि कॅथरिन ब्लूमर यांनी १९८५ साली छापलेला एक प्रयोग या सवयीवरच आहे. विद्यापीठाच्या नाट्यगृहात वर्षभराचा पास काढायला आलेल्या साठ जणांपैकी काहींना पूर्ण दरानं पास दिला, काहींना आयत्या वेळी सवलत दिली. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. पूर्ण पैसे भरलेल्यांनी पुढचे सहा महिने जास्त नाटकं पाहिली. म्हणजे नाटक आवडतं का याच्याइतकंच खिशातून किती गेले यावर माणसं बसून राहिली. आपल्याकडे यासाठी प्रयोगाची गरज नाही. आपल्याकडे "पैसे वसूल" हा शब्दच आहे. चारशे रुपये मात्र ज्या दिवशी गेले त्या दिवशीच गेले. पुढचे वीस तास त्यांच्यामागे घालवायचे का, हा प्रश्न वेगळा आहे.

वीस तास मी उगीच म्हणत नाही. मराठी छापील पान शांतपणे वाचायला दोनेक मिनिटं लागतात. सहाशे पानांची कादंबरी म्हणजे वीस तास. रोज अर्धा तास काढला तर चाळीस दिवस. चाळीस दिवस लागले तर लागू द्या. वाईट वेगळंच होतं. पुस्तक सत्तराव्या पानावर अडतं. उशाशी पडून राहतं. ते संपल्याशिवाय दुसरं हातात घ्यायला मन धजत नाही, आणि ते तर उघडवत नाही. मग रात्री तो अर्धा तास मोबाइलला जातो. चार महिन्यांनी कुणी विचारलं तर आपण म्हणतो, हल्ली वाचन होत नाही, वेळच मिळत नाही. वेळ होता. मधे एक पुस्तक आडवं पडलं होतं. माझ्या त्या पहिल्या वीस वर्षांत हेच झालं. मी एकच पुस्तक सोडलं, आणि दर दोन-तीन वर्षांनी माझं वाचनच सुटत गेलं.

हिशेब आणखी थोडा पुढं न्या. महिन्याला एक पुस्तक होतं असं धरलं आणि हातात तीस वर्षं आहेत असं धरलं, तर तुमच्या वाट्याला ३६० पुस्तकं येतात. तेवढी वाचनालयाच्या दोन कपाटांत बसतात. त्यातली जागा कुणाला द्यायची ते ठरवायला नको?

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली जे पाच सिद्धांत मांडले त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याविषयीच आहे. शिकलेल्या प्रत्येक ग्रंथपालाला तो पाठ असतो. वाचकांना कुणी सांगत नाही.

परभणी येईपर्यंत

मग थांबायचं कुठं? अमेरिकेतल्या सिएटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा एक नियम बराच गाजला आहे. वय पन्नाशीच्या आत असेल तर पुस्तकाला पन्नास पानं द्या. पन्नाशी ओलांडली की शंभरातून वय वजा करा, उरेल तेवढी पानं. साठीच्या माणसानं चाळीस, सत्तरीच्या माणसानं तीस. शंभरीतल्या माणसानं मुखपृष्ठ बघूनच ठरवायला हरकत नाही, असं त्याच म्हणतात. मला या नियमात आवडतं ते हे की वय वाढेल तशी मुभा वाढते. आपल्याकडे उलटं. म्हाताऱ्या माणसानं तरी नेमानं पूर्ण वाचावं अशी अपेक्षा.

माझा नियम रेल्वेचा आहे. सेलू ते परभणी गाडीनं तासाभराचा रस्ता. खिडकी मिळाली तर पंचवीस-तीस पानं होतात. मानवत रोड येईपर्यंत मी पुस्तकाला सगळं माफ करतो. माणसांची नावं कळू द्या, गाव कळू द्या, लेखकाच्या बोलण्याची लकब कानात बसू द्या. मानवत रोड सुटलं की मात्र पुस्तकानं मला धरून ठेवायला हवं. परभणीच्या आउटरला गाडी थांबली आणि मी गेली दहा मिनिटं तुरीची रानंच बघत होतो असं लक्षात आलं, तर येताना पिशवीतलं दुसरं पुस्तक काढायचं. पिशवीत दुसरं पुस्तक हवंच, ही यातली खरी अट. एकच पुस्तक घेऊन निघालेला माणूस सोडत नाही, तो फक्त झोपतो.

तुमचा रेल्वेचा रस्ता नसेल तर घरात मोजा. तोच परिच्छेद तिसऱ्यांदा वाचताय. मागच्या रात्री कोण मेलं ते आठवत नाही आणि मागं जाऊन बघावंसंही वाटत नाही. वाचायला बसलात की एकदम गॅसचा नंबर लावायचा राहिलाय हे आठवतं. पुढच्या प्रकरणाला किती पानं उरली ते मोजताय. यातलं एखादं कधीमधी होतं, ते चालतं. तीन रात्री लागोपाठ झालं की पुस्तकानं आपला निरोप दिलेला आहे.

पण हा तासाभराचा नियम सगळ्या पुस्तकांना सारखा लावू नका. काही पुस्तकं मुळात सलग वाचायची नसतातच, आणि आपण ती सलग वाचायला जाऊन सोडतो. आपल्याच सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातल्या कथा लांबीनं मोठ्या आहेत. एक वाचून चार दिवस थांबलात तर तुम्ही पुस्तक सोडलेलं नाही. कथासंग्रहात एखादी कथा जमली नाही तर ती ओलांडून पुढच्या कथेवर जा, पहिलीचा राग तिसरीवर काढू नका. इरावती कर्व्यांचं 'युगान्त' तसंच. गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण, ज्या माणसाबद्दल कुतूहल असेल तिथून उघडा. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' तर बारा महिन्यांवर बारा लेख. ते मी एका वर्षी महिन्याला एक याप्रमाणे वाचलं, चैत्रात चैत्र, वैशाखात वैशाख. पुस्तक वर्षभर अर्धंच होतं आणि एकदाही अडलं नाही. 'श्यामची आई' साने गुरुजींनी बेचाळीस रात्रींत सांगितली आहे. आपण ती सुट्टीत दोन दुपारी मुलांकडून संपवून घेतो आणि मग मुलं रडत नाहीत म्हणून तक्रार करतो.

कंटाळा की दम?

सोडायच्या आधी एवढं एक तपासा. पुस्तक मिटा आणि शेवटच्या दहा पानांत काय झालं ते घरातल्या कुणालाही दोन वाक्यांत सांगून बघा. सांगता आलं, पण डोकं शिणलंय, तर तो कंटाळा नाही. तो दम लागलाय. चार दिवस ठेवा, हलकं काही वाचा, पुन्हा घ्या. सांगता आलं नाही आणि त्याचं काही वाटलंही नाही, तर पुस्तक परत करा.

दम लागण्याची कारणं बहुधा साधी असतात. भालचंद्र नेमाड्यांची २०१० साली आलेली 'हिंदू' सहाशे पानांची आहे. ती पाकिस्तानात, मोहेंजोदडोच्या उत्खननापाशी सुरू होते आणि मग तिचा नायक खंडेराव गावाकडे निघतो तसतशी गावाची, घराण्याची, जातींची, भावकीची माणसं दारं उघडून येत राहतात. अशा कादंबरीला एक कोरा कागद लागतो. नावं लिहायची, कोण कुणाचा कोण ते लिहायचं. लग्नाच्या याद्या आपण करतोच की. कागद न घेता बसलेली निम्मी माणसं शंभर पानांत परत फिरतात आणि कादंबरी अवघड आहे असं सांगत सुटतात.

दुसरं कारण बोली. रा. रं. बोराड्यांची १९७१ची 'पाचोळा' मराठवाड्यातल्या एका बाईच्या तोंडून येते. सेलूच्या माणसाला ती वाचावी लागत नाही, ऐकूच येते. तीच रत्नागिरीच्या माणसाला दहाव्या पानावर अडखळवते. आणि राजन गवसांची 'तणकट' हातात घेतली की कोल्हापूरकडच्या बोलीत आपण अडखळतो. पहिली दहा पानं मोठ्यानं वाचा, एवढाच उपाय. डोळ्याला परकी वाटणारी मराठी कानाला पुष्कळदा ओळखीची निघते. मोठ्यानं वाचूनही बंद राहिली तर खुशाल ठेवा. त्यात तुमचाही दोष नाही, कोल्हापूरचाही नाही.

एक तिसराच प्रकार आहे आणि त्याच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. पुस्तक चांगलं, तुम्ही चांगले, पण वेळ चुकीची. घरात आजारपण आहे आणि हातात मृत्यूवरची कादंबरी आहे. कापूस वेचणीला आलाय, मजूर मिळत नाहीत आणि तुम्ही तत्त्वज्ञान घेऊन बसलात. मुलीची बारावी आहे. अशा वेळी सोडलेल्या पुस्तकाला नावं ठेवू नका आणि ते कुणाला देऊनही टाकू नका. ते ठेवून द्यायचं.

सोडायचं कसं

वाचनालयाचं असेल तर ठरवलं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी परत करा. मुदत पंधरा दिवसांची आहे म्हणून पंधरा दिवस घरात ठेवायचं नसतं. देवघेवीच्या रजिस्टरात पुस्तक गेल्याची तारीख असते, आल्याची तारीख असते, सभासद क्रमांक असतो. "पूर्ण वाचलं का" असा रकाना नाही. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयाला दर्जासाठी किती गोष्टी दाखवाव्या लागतात, पण हे कुणी विचारत नाही.

मात्र टेबलापाशी "छान होतं" म्हणू नका. त्याऐवजी खरं काय ते सांगा. फार सावकाश चाललं. वर्णनं जास्त, माणसं कमी. भाषा जड गेली. पहिला भाग आवडला, मग शहरात गेल्यावर कंटाळा आला. जाणत्या ग्रंथपालाला एवढं वाक्य पुरतं, तो मागं वळतो आणि तुमच्यासाठी दुसरं काढून देतो. वर्षभर "छान होतं" ऐकलेल्या ग्रंथपालाला तुम्हाला काय आवडतं याचा पत्ताच नसतो. मग तो सगळ्यांना देतो तेच देतो, 'मृत्युंजय' नाहीतर 'स्वामी'. दोन्ही उत्तम आहेत, पण तुम्ही ती वाचलेली आहेत हे त्यालाही माहीत असतं.

पुस्तक स्वतःचं असेल तर एक चिठ्ठी घ्या. पान, महिना, साल आणि थांबण्याचं कारण लिहा. पुस्तकात घाला आणि पुस्तक उशाजवळून उठवून कपाटात खालच्या खणात ठेवा. उशाजवळून उठवणं महत्त्वाचं. कारण लिहिणं त्याहून. "कंटाळा" असं लिहू नका, कशाचा ते लिहा. अशा पाच-सात चिठ्ठ्या जमल्या की तुम्हाला तुमच्याबद्दल काहीतरी कळतं. मला कळलं की आत्मचरित्रं मी माणूस यशस्वी होईपर्यंत वाचतो. सत्कार सुरू झाले की माझी खूण थांबते. तेव्हापासून आत्मचरित्रं मी पहिल्या निम्म्यापुरतीच आणतो आणि मला त्याचं काही वाटत नाही.

वर्षातून एकदा, दिवाळीच्या आवराआवरीत, खालचा खण उपसा. चिठ्ठी वाचून पुन्हा हात गेला तर वर घ्या. दोन दिवाळ्यांत हात गेला नाही तर शाळेला, वाचनालयाला, शेजारच्या कॉलेजच्या पोराला द्या. चिठ्ठी आतच राहू द्या, वाटल्यास.

शेवट वाचून घ्यायचा की नाही? घ्या. खून कुणी केला एवढ्यासाठी दीडशे पानं भोगू नका. पानं गाळायची? गाळा. डॅनिएल पेनाक या फ्रेंच लेखकानं, तो शाळामास्तरही होता, १९९२ साली वाचकाच्या दहा हक्कांची यादी केली. त्यात पानं गाळण्याचा हक्क दुसरा आहे आणि पुस्तक पुरं न करण्याचा तिसरा. पहिला हक्क तर मुळात न वाचण्याचा आहे.

सोडू नये अशीही काही असतात. अभ्यासक्रमातलं पुस्तक सोडू नका, निदान परीक्षेपर्यंत. ज्या पुस्तकावर तुम्ही चारचौघांत टीका करणार आहात ते सोडू नका, किंवा सोडलं असेल तर निम्मंच वाचलंय हे आधी सांगा. अर्धं वाचून पूर्ण निंदा करणारे आपल्या साहित्यात कमी नाहीत. आणि खरेदीखत, गहाणखत, विम्याची कागदं. ती कंटाळवाणी असतात आणि शेवटच्या पानावरच सगळं असतं.

लेखक गावातला असेल तर

पुण्या-मुंबईच्या वाचकाला ही अडचण नाही. सेलूसारख्या गावात आहे. इथं लेखक भाजीबाजारात भेटतो. त्यानं सही करून पुस्तक दिलेलं असतं, आतल्या पानावर "रसिक वाचक मित्रास" असं लिहिलेलं असतं, आणि मेथीची जुडी निवडता निवडता तो विचारतो, "वाचलं का भाऊ?"

"हो, छान आहे" म्हणालात की फसलात. पुढचा प्रश्न ठरलेला, "शेवट कसा वाटला?"

मी दोन गोष्टी शिकलो. एक, पुस्तक मिळालं की आठवड्याच्या आत जेवढं होईल तेवढं वाचायचं आणि आपणच आधी फोन करायचा. वीस पानं वाचली असतील तर वीस पानांवर बोलायचं, पण नेमकं. "तुमच्या दुसऱ्या प्रकरणातली ती पाटबंधारे खात्यातली बाई मला फार खरी वाटली." लेखकाला पुस्तक पूर्ण वाचल्याचा दाखला नको असतो. कुणीतरी एका वाक्यावर थांबलं होतं हे त्याला हवं असतं. दोन, पुढचं वाचणं होणार नाही असं दिसलं तर "सवडीनं वाचतोय" म्हणायचं आणि खरंच चिठ्ठी घालून ठेवायचं. खोटं बोलायचं नाही. गाव लहान आहे, आणि त्यानं तेच पुस्तक तुमच्या मेव्हण्यालाही दिलेलं असतं.

कवितासंग्रह दिला असेल तर प्रश्न सोपा. कवितासंग्रह पूर्ण वाचायचा असतो असं कवीही मानत नाहीत.

मुलांच्या बाबतीत

इथं मला जरा आवाज चढवून बोलायचं आहे. १५ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन. मुलांना पुस्तकं वाटतात, तास-दोन तास शाळा शांत बसते, छायाचित्र निघतं. आणि मग सारांश लिहून आणा. सारांश लिहायचा म्हणजे पुस्तक पूर्ण करायचं, आवडो न आवडो. ज्या मुलाला तिसऱ्या पानावर कळलं की हे आपलं पुस्तक नाही, त्याला खरं तर मोठी गोष्ट कळलेली असते. त्याबद्दल त्याला शिक्षा होते.

सारांश नको. मुलाला विचारा, कुठं थांबलास आणि का? "त्यात नुसता उपदेश होता," असं पाचवीचं पोरगं म्हणालं तर त्याला वाचता येतं. दुसरं द्या. एका पुस्तकाऐवजी चार समोर ठेवा आणि तीन परत करायची मुभा द्या. वर्गात पेटी असेल तर मधेच बदलायला परवानगी द्या, मधल्या सुट्टीतसुद्धा. घरी आईबापांनी आपणही एखादं पुस्तक मुलांसमोर सोडून दाखवावं. "मला हे जमत नाहीये, ठेवतो" असं मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं मूल पुस्तकाला घाबरत नाही.

पुन्हा हातात घेताना

कादंबरीकार बी. रघुनाथ सातोन्याचे. सेलूहून परतूरकडे जाताना ते स्टेशन लागतं. १९१३चा जन्म, निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी, मुक्काम परभणीला, आणि १९५३ साली, वयाच्या चाळिशीत गेले. त्यांची 'आडगावचे चौधरी' मी कॉलेजात असताना घेतली आणि सत्तेचाळिसाव्या पानावर ठेवली. तेव्हा मला मुंबईच्या गोष्टी हव्या होत्या. आपल्याच भागातल्या गावाची, आपल्याच भागातल्या घराण्याची गोष्ट, ती काय वाचायची, असं वाटलं. तेव्हा चिठ्ठी लिहायची रीत मला नव्हती. खूण म्हणून बसचं तिकीट घातलेलं होतं.

पंचवीस वर्षांनी खालचा खण उपसताना ते तिकीट गळून पडलं. भाडं बघून हसू आलं. उभ्या उभ्या चार पानं वाचली, मग बसलो, मग दिवाळीची आवराआवर तशीच राहिली. जिथं मी तेव्हा कंटाळलो होतो तीच पानं आता सगळ्यात जवळची वाटत होती. पुस्तक बदललं नव्हतं हे उघड आहे. पण मी कॉलेजात हट्टानं ते संपवलं असतं तर "वाचलंय" म्हणून कधीच पुन्हा उघडलं नसतं.

परत घेताना एक करा, खुणेपासून सुरू करू नका. मागं जा, पहिल्या पानापासून घ्या, किंवा निदान दोन प्रकरणं मागून. खूण घातलेला माणूस तुम्ही आता नसता.

सध्या माझ्या खालच्या खणात नऊ पुस्तकं आहेत. 'हिंदू' त्यात आहे. तिची चिठ्ठी दोनशे तेराव्या पानावर आहे, नावांचा कागदही आतच घडी करून ठेवलाय. चिठ्ठीवर लिहिलंय, "मे. लग्नसराई. पेरणी झाल्यावर बघू."